पहिला व्हॅक्यूम क्लीनर घेताना

ताई, घोडबंदर रोडला बांधकामाची धूळ रोजचीच, त्यामुळे मशीन घेताय ते उत्तमच. फक्त वॅटच्या आकड्याला भुलू नका. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं ते, ओढतं किती ते नव्हे. उलट १६०० वॅटचं मशीन ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावायचंच नाही, १६ अँपिअरचं लागतं. ते घरात कुठे आहे, तिथून वायर बेडरूमपर्यंत पोचते का, हे आधी बघा.

दुकानात मशीन हातात घेऊन चालवून बघाच. नळी लांब करून ताठ उभं राहा. वाकावं लागलं तर ते मशीन तुमच्यासाठी नाही, चार दिवसांत कंबर बोलायला लागेल. कॉर्डलेसचं, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या बिनवायरच्या मशीनचं, वजन बहुतेक मनगटावर येतं, जाळी-पंखे साफ करताना ते जाणवतं. सासूबाईही वापरणार असतील तर त्यांनाही सोबत न्या.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- ओला फिल्टर परत बसवणं. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात एक दिवस पुरत नाही, म्हणून जादा फिल्टर घेऊन ठेवा.
- डबा गच्च भरेपर्यंत न रिकामा करणं. ओढ कमी होते आणि आपण जोर लावत बसतो.
- साध्या मशीनने पाणी किंवा प्लास्टरची पूड ओढणं. मोटर जाते.

बाकीचे ब्रश सध्या राहू द्या. फरशीचा आणि फटींचा, दोन पुरेत. मॉडेल ठरलं की कळवा, सर्व्हिस सेंटर ठाण्यात आहे का तेवढं बघून सांगते.