अमेरिकेतील ग्रामीण टाउनशिप (जिल्ह्यासारख्या काउंटीचे छोटे प्रशासकीय भाग) आकाराने सारख्या, पण वस्तीने इतक्या विरळ का असतात?

आकाराचे कारण जमीन-मोजणीत आहे. १७८५ च्या जमीन अध्यादेशानुसार सहा मैल बाजूचे चौरस आखले गेले. प्रत्येक चौरसात सुमारे ६४० एकरांचे ३६ विभाग असत आणि त्यांतला सोळावा सार्वजनिक शाळांसाठी राखून ठेवला जाई, ही तरतूद मला फार मोलाची वाटते. मध्य-पश्चिमेकडील अनेक टाउनशिपच्या सीमा आजही याच रेषांवर असल्यामुळे त्यांचे क्षेत्रफळ सुमारे ९३ चौरस किलोमीटर भरते. विरळ वस्तीचे बीजही इथेच सापडते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका अर्जदाराला १६० एकरांपर्यंत जमीन मिळे, म्हणजे सगळी जमीन अशीच वाटली गेली असती तरी एका टाउनशिपमध्ये १४४ शेतकरी कुटुंबेच मावली असती. पुढे यंत्रे आली, शेते मोठी होत गेली आणि शेतकरी कुटुंबे आणखी घटली.