बॅरिएट्रिक (वजन कमी करण्यासाठी पोटाचं) ऑपरेशन झालंय? पहिल्या महिन्याचं एवढं सांभाळा

भाऊ, घरी आल्यावर पहिलं काम पाण्याचं. औषधाचा ३० मिलीचा कप भरायचा आणि १५ मिनिटांत चमच्या-चमच्याने संपवायचा. दिवसाला दीड लिटर गाठायचं. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात हे राहिलं की चक्कर, गडद लघवी, आणि सलाईनसाठी पुन्हा भरती. सोडा, स्ट्रॉ बंद.

खाण्याचे टप्पे सर्जन लिहून देतात, तेच पाळा. साधारण क्रम असा: वरणाचं गाळलेलं पाणी, पातळ ताक, मग प्रोटीन पावडर घातलेलं दूध, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मिक्सरमधून काढलेलं वरण, दही. रोज निदान ६० ग्रॅम प्रोटीनकडे जायचं. बट्टी, कळण्याची भाकरी, शेवभाजी सध्या विसरा. ‘भरीत तर मऊच असतं’ असं घरचे म्हणणारच. ऐकू नका, त्यातलं तेल, मिरची आणि बिया ताज्या टाक्यांच्या पोटाला झेपत नाहीत. जेवताना पाणी नको, नंतरही अर्धा तास नको.

एखादी उलटी बहुधा घाईने होते. थांबतच नसेल तर बी१ जीवनसत्त्व घटून नसांना इजा होते, लगेच कळवा. अंग दुखलं म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणू नका, अल्सर होतो. शुगर-बीपीच्या गोळ्यांचा डोस विचारून घ्या. जुनाच चालू ठेवला तर शुगर एकदम उतरू शकते.

घरात दर तासाला थोडं चाला. नाडी १२० च्या वर, ताप, धाप, वाढती पोटदुखी, डावा खांदा दुखणं किंवा एकच पोटरी सुजणं, यातलं काहीही दिसलं तर रात्री दोनलाही सर्जनला फोन करा.