धोटा, चिमणी आणि भोंगा : गिरणगावाविषयी वाचकांचे प्रश्न

मुंबईतील गिरण्यांवरील आमच्या लेखानंतर बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. ज्यांच्या घरातील एखादी व्यक्ती गिरणीत कामाला होती, अशा वाचकांची पत्रे सर्वांत अधिक आहेत, याचा विशेष आनंद वाटतो.

प्रश्न : लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी आता मॉल आहे, पण जुनी चिमणी तशीच उभी आहे. ती पाहून माझ्या मुलाने विचारले, ‘कापड विणायला धूर कशाला लागतो?’ मला उत्तर देता आले नाही. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मुलाने नेमका प्रश्न विचारला आहे. कापडाला धूर लागत नाही, वाफ लागत असे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि तेव्हापासून पुढची सुमारे साठ वर्षे मुंबईच्या गिरण्या मुख्यतः कोळशावर चालल्या. बॉयलरमध्ये कोळसा नीट पेटायचा तर खालून हवेचा सतत झोत हवा. उंच धुराड्यातून तापलेली हवा वर जाऊ लागली, की खालची थंड हवा आपोआप भट्टीत ओढली जाते, आणि धुराडे जितके उंच तितकी ही ओढ जास्त. म्हणजे चिमणी धूर दूर नेत असे हे खरेच, पण भट्टीचा भाता होणे हे तिचे मोठे काम होते.

वाफेवर इंजिन चाले, इंजिनाचे प्रचंड चाक फिरे आणि त्या चाकावरून निघालेले जाड दोर प्रत्येक मजल्यावरच्या लांब दांड्याला गती देत; त्या दांड्यावरून निघालेल्या पट्ट्यांवर एकेक यंत्र चाले. सगळ्या गिरणीला इंजिन एकच असल्यामुळे ते सुरू झाले, की हजारो माणसांनी आपापल्या जागेवर हजर असणे भाग होते. पहाटे साऱ्या वस्तीला जागे करणाऱ्या भोंग्याचा उगम येथे आहे. चिमणी आणि भोंगा ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होत, हे मुलाला जरूर सांगा.

१९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राची वीज मुंबईला येऊ लागली आणि गिरण्या हळूहळू विजेकडे वळल्या. घाटावर पडलेल्या पावसाचे पाणी लोणावळ्याच्या परिसरात अडवून, ते खाली खोपोलीला सोडून ही वीज तयार होत असे. परळच्या साच्यांवर, म्हणजे मागांवर, राबणारे पुष्कळ कामगार त्याच घाटावरून आलेले होते.

प्रश्न : आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक लाकडी वस्तू मिळाली. होडीसारखा आकार, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधे पोकळ, आणि एका बाजूला लहानसे छिद्र. ही वस्तू काय आहे, आणि ती जपून ठेवावी का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : तो धोटा आहे, आणि अवश्य जपून ठेवा. कापडात उभ्या धाग्यांचा ताणा असतो आणि त्यातून आडवा धागा, म्हणजे बाणा, इकडून तिकडे न्यावा लागतो. ते काम धोट्याचे. मधल्या पोकळीत सुताची कांडी बसते आणि सूत त्या बाजूच्या छिद्रातून बाहेर येते. यंत्रमागावर धोटा मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्या मारी, म्हणूनच त्याच्या टोकांना लोखंड लागे. अंगठ्याने त्या टोप्या चाचपून पाहा. कडा बोथट झाल्या असतील, तर तो धोटा बरेच दिवस मागावर धावलेला आहे असे समजावे.

त्या छिद्राकडे मात्र थोडे थांबून पाहायला हवे. कांडी संपली, की विणकर माग थांबवून नवी कांडी बसवी, आणि सुताचे टोक छिद्रातून बाहेर काढण्यासाठी धोटा तोंडाला लावून श्वासाने ते ओढून घेई. दिवसातून कितीतरी वेळा हे करावे लागे. कापसाची तूस त्याबरोबर छातीत जाई आणि एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. याच उष्ट्याचे निमित्त सांगून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, घेतले जात नसे. विणाईत मजुरी जास्त होती; या माणसांच्या वाट्याला सूतकताईची कमी पगाराची कामे येत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. त्याच संपात विणकरांचे एक मोठे गाऱ्हाणे होते, की दोनऐवजी तीन माग एका माणसाच्या गळ्यात मारले जात आहेत. गिरणगावातील कामगारांची एकजूट आणि त्या एकजुटीतली भेग, दोन्ही या एका छिद्रापाशी भेटतात. वस्तुसंग्रहालयाच्या कपाटात धोटा नुसता ‘लाकडी उपकरण’ अशी चिठ्ठी लावून ठेवला, तर ही हकिकत पाहणाऱ्याला कधीच कळणार नाही, आणि याची मला मनापासून काळजी वाटते.

म्हणून एक विनंती. आजोबा कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, कायम होते की बदली (म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेले), कोणत्या पाळीला जात, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच कागदावर उतरवा आणि तो कागद धोट्याबरोबर ठेवा.

प्रश्न : एवढ्या गिरण्यांपैकी इतक्या थोड्या इमारती का उरल्या? कायदा नव्हता का? (एक वाचक, काळाचौकी)

उत्तर : कायदा होता, आणि तो बदललाही गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने चालल्याच नाहीत आणि यंत्रांपेक्षा त्यांखालची सुमारे ६०० एकर जमीन मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार, गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास झाल्यास ढोबळमानाने एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती ठेवली. गिरण्यांचे आवार बव्हंशी बांधकामाने भरलेले असल्याने सार्वजनिक वाटा फारच आक्रसला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य ठरवली. माझ्या मते वारशाचे खरे नुकसान या आकडेमोडीत झाले, कारण जुनी शेड राखून तिचा उपयोग करण्यास कोणतेही प्रोत्साहन त्यात उरले नाही.

कामगारांना घरे मिळाली, पण थोडी आणि उशिरा : २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे होती, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. नववीच्या मुलांना एका दिवसात गिरणगाव दाखवायचे असेल, तर काय दाखवावे? (एक शिक्षिका, ठाणे)

उत्तर : फार काही दाखवू नका. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. जाण्यापूर्वी प्रवेशाची चौकशी करा. तेथील तळे मुलांना दाखवा. वाफेच्या इंजिनाला सतत पाणी लागे, म्हणून गिरणीच्या आवारात असे तळे असे. जुनी विणाईची शेड कोठे दिसली, तर तिचे करवतीच्या दातांसारखे छप्पर दाखवून काचा कोणत्या दिशेला आहेत ते होकायंत्रावर पाहायला सांगा. त्या उत्तरेला तोंड करून असतात, कारण उत्तरेकडून सावलीचा एकसारखा उजेड येतो आणि तुटलेला धागा चटकन दिसतो. माग हादरत, म्हणून विणाई जमिनीलगत असे आणि कताई वरच्या मजल्यांवर.

त्यानंतर लालबागच्या एखाद्या चाळीत, आधी परवानगी घेऊन, दहा बाय बाराच्या एका खोलीत जा. अशा खोलीत कोकणातले आणि घाटावरचे कामगार पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि त्यांचे जेवण खानावळवाल्या बायका रांधत. याच बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. कामगारांच्या इतिहासात स्वयंपाकघर सहसा येत नाही, म्हणून हे मुलांना आवर्जून सांगावे. खोलीत पंधरा विद्यार्थी एकदम उभे करून दार लोटून घ्या आणि किती जण मावतात ते त्यांनाच मोजू द्या.