तांब्याचा आयन एका प्रथिनातून दुसऱ्यात जाताना मध्ये पाण्यात सुटतो का?

नाही, पेशीतल्या तांब्याच्या बाबतीत तरी नाही. पहिलं प्रथिन आयन सोडतं आणि दुसरं तो पाण्यातून उचलतं, असं या प्रश्नात धरलेलं दिसतं. त्यासाठी किती वेळ लागेल ते आधी बघा. यीस्टमधलं एटीएक्स१ हे वाहक प्रथिन एकसंयुजी तांब्याला (एक धन भार असलेल्या आयनाला) इतकं घट्ट धरतं, की वियोजन स्थिरांक (जितका लहान तितकी पकड घट्ट) १० चा उणे १७वा घात मोलर किंवा त्याहून कमी भरतो. जोडणीचा वेग दर मोलरला सेकंदाला १० कोटी असा सढळ धरला, तरी आयन आपणहून सुटायला सरासरी १०० कोटी सेकंद, म्हणजे तीसेक वर्षं लागतील. यीस्टची पेशी दोनेक तासांत दुभंगते!

प्रत्यक्षात दोन्ही प्रथिनं भिडतात आणि आयन हातोहात जातो. एटीएक्स१च्या पृष्ठभागावर लायसिन या अमिनो आम्लाचे धन भार असतात, समोरच्या सीसीसी२ या तांबं ढकलणाऱ्या पंप-प्रथिनाच्या डोमेनवर (तांबं धरणाऱ्या भागावर) ऋण भार, म्हणून दोघं योग्य बाजूनं जुळतात. आयन एटीएक्स१च्या १५व्या आणि १८व्या जागेवरच्या सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लांच्या गंधकांमध्ये असतो. सीसीसी२चं एक सिस्टीन येऊन तिसरा बंध करतं, मग एटीएक्स१चं एक सुटतं. सीसीसी२चं दुसरं बसतं आणि शेवटी एटीएक्स१चा उरलेला बंध तुटतो. आयन कधीच उघडा पडत नाही, त्यामुळे ऊर्जेचा मोठा डोंगर चढावा लागत नाही.

या अदलाबदलीचा समतोल स्थिरांक जेमतेम १.४ आहे, म्हणजे आयनाला एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे ओढणारा उतार जवळपास नाहीच. पुढची ओढ पंपाची: एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून तो तांबं गॉल्जी या पेशीतल्या पिशव्यांच्या आत ढकलतो. माणसात हेच काम एटॉक्स१ हा वाहक आणि एटीपी७ए, एटीपी७बी हे पंप करतात. एटीपी७बी बिघडला की शरीरात तांबं साठण्याचा विल्सनचा आजार होतो.

हे हस्तांतर मोजायचा प्रयोग करणार असाल तर सगळं ऑक्सिजनविरहित ग्लोव्हबॉक्समध्ये करा. हवा लागली की तांबं द्विसंयुजी होतं, सिस्टीन आपसांत डायसल्फाइड बंधानं (गंधक-गंधक बंधानं) जुळतात आणि हस्तांतर थांबतं. सिस्टीन क्षपित करायला (हे बंध तोडायला) वापरलेलं डीटीटी हे रसायन डिसॉल्टिंग स्तंभातून (छोटे रेणू वेगळे करणाऱ्या) पूर्ण काढा. ते स्वतःच तांब्याला घट्ट धरतं आणि आकडे खोटे पाडतं. बहुतेक गडबड इथेच होते. प्रथिनं मिसळल्यावर ॲनायन-एक्सचेंज स्तंभ (ऋण भाराची प्रथिनं अडवणारा) लावा: एटीएक्स१ सरळ वाहून जातं, सीसीसी२चं डोमेन अडकतं, मग दोन्हींतलं तांबं मोजा. तुलनेसाठी तीच प्रथिनं ३.५ किलोडाल्टनच्या डायलिसिस पडद्याच्या दोन बाजूंना ठेवा; हा पडदा प्रथिनांना अडवतो, सुट्या आयनाला आणि छोट्या रेणूंना जाऊ देतो. तिथेही तांबं पलीकडे पोचलं, तर बफरमध्ये ग्लुटाथायोन (गंधक असलेला छोटा रेणू) किंवा डीटीटीसारखा एखादा छोटा रेणू ने-आण करतोय का, ते आधी तपासा.