मित्राला बाकावर बसवायचं कसं?

प्रिय कर्णधार,

तुमची अडचण इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. वय ३४, गुडघा कुरकुरतोय, फुटबॉल मोसमाचे १० सामने उरलेत. क्लबने मॅनेजरला, म्हणजे संघ निवडणाऱ्या मुख्य प्रशिक्षकाला, काढलं आणि अध्यक्ष म्हणतात, ‘आता तूच संघ सांभाळ.’ दुसरा पर्याय म्हणजे पुढच्या मोसमापासून १९ वर्षांखालच्या संघाचं प्रशिक्षकपद, पगार निम्म्याहून कमी. खरी बोच वेगळीच आहे. मधल्या फळीत वर्षानुवर्षं तुमच्या शेजारी खेळलेला मित्र आता संथ झालाय आणि मॅनेजर झालात तर पहिल्याच आठवड्यात त्याला वगळावं लागेल. ‘ताई, त्याला तोंडावर कसं सांगू?’ असं विचारलंय तुम्ही.

माझं मत आधीच सांगून टाकते: युवा संघ घ्या.

एकदम मोठी खुर्ची मिळून यशस्वी झालेलेही आहेत. १९८५ मध्ये केनी डाल्ग्लिश खेळता खेळताच इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा मॅनेजर झाला आणि पहिल्याच मोसमात लीग आणि एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धा, दोन्ही जिंकले. हे कौतुक करताना लोक फिल नीलला विसरतात. नील कर्णधार होता, मॅनेजरपदाची आस त्यालाही होती. डाल्ग्लिशने कर्णधारपद ॲलन हॅन्सनला दिलं आणि डिसेंबरमध्ये नील क्लब सोडून गेला. इतकं यश मिळूनही जुना सोबती दुरावलाच. त्यात डाल्ग्लिशच्या हाती आलेला संघ तयार होता, तुमचा तळाशी आहे.

आंद्रेआ पिर्लोचं तर तुम्हाला आठवत असेलच. २०२० मध्ये मॅनेजर म्हणून एकाही सामन्याचा अनुभव नसताना इटलीच्या युव्हेंटस क्लबने त्याला पहिला संघ दिला. दोन चषक मिळाले, पण सलग नऊ वेळा लीग जिंकलेला संघ चौथा आला आणि मोसम संपताच पिर्लोला नारळ मिळाला. शाबी अलोन्सो मात्र विश्वविजेता असूनही आधी लहान मुलांना शिकवत होता, मग तीन मोसम स्पेनच्या रिआल सोसिएदाद क्लबच्या ब (दुय्यम) संघाबरोबर राहिला. २०२२ मध्ये तळाजवळचा जर्मनीतला लेव्हरकुसेन क्लब त्याच्याकडे आला आणि २०२३-२४ ची जर्मन लीग त्या संघाने एकही सामना न हरता जिंकली.

अशा ब किंवा युवा संघात शिकायचं ते काय? मध्यंतराचंच घ्या. १५ मिनिटांतली निम्मी पाणी, पट्ट्या आणि धापा टाकण्यात जातात. उरलेल्या वेळात दोनच गोष्टी खेळाडूंच्या डोक्यात शिरतात. त्या दोन कुठल्या, हे कर्णधाराला कधी ठरवावं लागत नाही. ती निवड चुकायचीच, मग ती युवा संघात चुकलेली बरी. शिवाय प्रशिक्षक परवान्याच्या पायऱ्या चढायलाही तिथे वेळ मिळेल.

आता मित्राचं. आज टळलं तरी पुढे कुणाला तरी हे सांगायचंच आहे. यादी फळ्यावर लागायच्या आधी त्याला एकट्याला गाठा आणि सरळ सांगा, ‘शनिवारी तू सुरुवातीच्या अकरांत नाहीस.’ कारण एकच द्या, तेही खेळातलं. ‘पुढच्या सामन्यात बघू’ असं गाजर दाखवू नका. तो चिडेल, चिडू द्या. आणि मॅनेजर व्हाल त्या दिवशी खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडा. तुमच्याच नावाने बोटं मोडायला त्यांना एक जागा नको का?

अध्यक्षांना नकार देताना गुडघ्याचं निमित्त पुढे करू नका. उरलेले सामने सहायक प्रशिक्षकाला सांभाळू द्या, मी कर्णधार म्हणून त्याच्या पाठीशी आहे, असं सांगा. युवा संघाचं मात्र आत्ताच लेखी घ्या. हरलेल्या आठवड्यात दिलेले शब्द मोसमाअखेर कुणाला आठवत नाहीत. पगाराचं गणित बायकोबरोबर बसून मांडा. एवढ्या लांब पत्रात तिच्या वाट्याला एकच ओळ आली आहे, तीही ‘ती काय, समजून घेईल’ अशी. आधी तिला विचारा तरी!

— तुमची ताई