चिंच कुंपणाजवळची, भांडण गल्लीभर

प्रश्न : शेजारच्या प्लॉटवरचं जुनं घर पाडून तळघरासह इमारत होणार आहे. कुंपणालगत जुनी चिंच आहे. बिल्डर म्हणतो, ती आतून पोकळ आहे, कधीही पडेल. बदल्यात दहा रोपं लावतो. निम्मे शेजारी त्याच्या बाजूचे, कारण पाल्यानं त्यांच्या पन्हळी तुंबतात. मागच्या बैठकीत इतकं वाजलं की दोन घरांचं बोलणं बंद झालंय. बुंध्याचा घेर मी मोजला, २८३ सेंटिमीटर. आम्ही काय करावं?

उत्तर : घेर कळवलात, अर्धं काम झालं. एरवी पत्रांत ‘खूप मोठं झाड’ एवढंच असतं. २८३ ला ३.१४ नं भागा : व्यास ९० सेंटिमीटर. हा आकडा लिहून ठेवा.

आधी पोकळीचं पाहू. झाडं तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. लाकडी हातोडीनं बुंध्याला ठोकत गोल फिरायचं. भरीव जागी ‘टक्’ येतो, पोकळीवर ‘ढब्’. पण ढब् आला म्हणजे झाड पडलंच असं नाही. गाभ्याचं लाकूड तसंही मेलेलंच असतं, पाणी वाहतं ते बाहेरच्या कड्यांतून. आणि पोकळ तर बांबूही असतो. जर्मन अभ्यासक क्लाउस मॅटहेक यांचा ढोबळ ठोकताळा असा, की पोकळीभोवतीच्या शाबूत लाकडाची भिंत त्रिज्येच्या साधारण ३० टक्के असली तर बुंधा सहसा तग धरतो. तुमच्या चिंचेची त्रिज्या ४५ सेंटिमीटर, म्हणजे भिंत साधारण साडेतेरा सेंटिमीटर हवी. एका बाजूला मोठं भगदाड असेल तर मात्र हा हिशेब लागू होत नाही.

तेव्हा बिल्डरला ‘पोकळ नाही’ म्हणू नका. ‘किती पोकळ, किती उंचीवर, कशानं मोजलं’ एवढंच लेखी विचारा. बुंध्याभोवती संवेदक लावून, ठोक्याचा आवाज आरपार जायला किती वेळ लागतो त्यावरून आतल्या कुजीचा नकाशा काढता येतो. त्यात भिंत पाच-सहा सेंटिमीटरच निघाली, तर मीही तुमच्या विरुद्ध मत देईन.

आता खरी गोष्ट. भांडण ‘तोडायचं की ठेवायचं’ यावर चाललंय आणि तळघराच्या नकाशाकडे कुणी पाहिलेलं दिसत नाही. हीच चूक मी केलीय. असंच एक झाड मी वाचवलं होतं. अहवाल लिहिला, सही केली, सगळ्यांनी हात मिळवले. तळघराचा नकाशा मात्र मागितलाच नाही. महिन्याभरानं गेलो तर बुंध्यापासून दोन मीटरवर सरळ चर खोदलेला. चराच्या भिंतीतून मनगटाएवढी मुळं बाहेर आलेली, कापलेली टोकं ओली, पिवळसर. एकावर मजुरानं शर्ट वाळत टाकला होता. पहिल्या वर्षी झाड हिरवंगार. दुसऱ्या वर्षी पानं बारीक आली. तिसऱ्या वर्षी शेंडा वाळला आणि ते तोडावं लागलं. ‘आम्ही सांगतच होतो’ हे मला तेव्हा ऐकावं लागलं, आणि ते मुकाट ऐकण्याखेरीज इलाज नव्हता.

मुळं खोल जातात ही समजूत सोडा. बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटर मातीतच असतात आणि आडवी पसरतात. बांधकामाजवळच्या झाडांसाठी असलेल्या ब्रिटनच्या बीएस ५८३७ या मानकात जमिनीपासून दीड मीटरवर मोजलेल्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ बुंध्याभोवती राखायला सांगितलंय. तुमच्याकडे ते १० मीटर ८० सेंटिमीटर होतं. (घेर त्याच उंचीवर घेतला होता ना? नसेल तर पुन्हा टेप लावा.) दोरीनं तेवढं वर्तुळ आखा आणि नकाशावर तळघराची कड, नाल्यांच्या रेघा, सिमेंट-सळई टाकण्याची जागा त्यात कुठे येते ते बघा. वजनानं दबलेल्या मातीतही मुळं गुदमरतात. सलग पायाऐवजी सुटे खांब आणि वर तुळया घेता येतात, नळ चराऐवजी खालून भोक पाडून नेता येतात. खर्च वाढतो, बिल्डर कुरकुरेल. पण तळघराची कडच त्या वर्तुळात खोलवर शिरत असेल, तर नकाशा बदलल्याशिवाय झाड ठेवण्यात अर्थ नाही.

दहा रोपांबद्दल एकच विचारा : लावणार कुठे?

आणि पन्हळीवाल्यांना हसू नका. दर आठवड्याला शिडीवर ते चढतात, तुम्ही नाही. पन्हळींना जाळी बसवून द्या, सफाईची पाळी वाटून घ्या. बोलणं तिथूनच सुरू होईल. फक्त तडजोड म्हणून शेंडा छाटायला होकार देऊ नका. झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती आतून भिंत घालतं, हे अमेरिकी वृक्ष-अभ्यासक अ‍ॅलेक्स शायगो यांनी लाकूड उभं चिरून दाखवलं होतं. जाड फांदी कापली की त्या जखमेला ती भिंत पुरत नाही, कूज आत उतरते आणि वर फुटणाऱ्या धुमाऱ्यांची पकड कच्ची राहते. मग पोकळीची तक्रार खरी ठरते.

नकाशा हाती आला की कड बुंध्यापासून किती मीटरवर आहे, तेवढं कळवा.