गॅरेजच्या पायरीवरून : जुन्या एस्टीमला खालून आधार

प्रश्न : वडिलांनी घेतलेली २००४ ची मारुती एस्टीम अजून वापरतो. रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूरला अधूनमधून जाणं असतं. तिरक्या गतिरोधकावरून गेलं की मागच्या डाव्या दारातून करकर येते. घाटाच्या वळणावर पुढचं तोंड वळतं आणि मागचा भाग जरा रेंगाळून येतो असं वाटतं. इथला एक फॅब्रिकेटर म्हणतो, खालून पुढून मागे चौकोनी पाइप वेल्ड करून देतो, गाडी टणक होईल. मित्र म्हणतो, नटबोल्टने बसणारा तयार बार मागव. काय करू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोघांनाही पंधरा दिवस थांबायला सांगा. गाडी वीस वर्षांवरची, त्यातून मुक्काम समुद्रकाठी. अशा गाडीला बार लावण्याआधी तो कशाला लावायचा ते शिल्लक आहे का, हे बघावं लागतं.

एस्टीमला ट्रकसारखी खाली वेगळी चेसिस नाही. फ्लोअर, छप्पर, खांब आणि दारांखालचे रॉकर हे सगळं मिळूनच तिचा सांगाडा. त्यात पिळवटायला सगळ्यात जास्त विरोध करतात ते रॉकर, कारण त्या बंद पेट्या आहेत. मिठाईचा रिकामा खोका झाकणासकट पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. रॉकरची शिवण गंजून उघडी पडली की नेमकं तेच होतं. वरून रंग छान दिसतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

तेव्हा पहिल्यांदा मागची सीट काढा आणि कार्पेट उचला. खाली पत्र्याला चिकटवलेला काळा डांबरी थर असतो. तो कुठे फुगलाय, कुठे हाताने सुटतोय, ते बघा. फुगलेल्या जागी पेचकसाचं टोक दाबा, आरपार गेलं तर तिथे पत्रा उरलेला नाही. मग गाडीखाली जाऊन रॉकरच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं शोधा. कोकणातल्या निम्म्या गाड्यांत ती सापडतच नाहीत, कारण दर पावसाळ्याआधी कुणीतरी त्यांच्यावरून अंडरबॉडी कोटिंग मारून ठेवलेलं असतं. पाणी आत, कोटिंग बाहेर. भोक मोकळं केल्यावर गंजाचा लालसर चिखल गळाला तर पुढचं वाचायच्या आधी चांगल्या डेंटरकडे जा. डिकीतलं अस्तर बाजूला करून मागच्या स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या, डोक्याजवळचा पत्राही बघा. एस्टीमला मागेही स्ट्रट आहेत, त्यामुळे खड्ड्याचा मार थेट तिथे जातो.

पत्रा ठणठणीत निघाला तर जॅकची परीक्षा. गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना दगड. मागची डावी बाजू जॅक पॉइंटवर उचला, चाक जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकीच. आता मागचं दार हळूच उघडा-लावा. थोडं अडेल. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांचं अडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हेच उजवीकडे करा. दोन्हीकडे सारखंच अडलं तर सांगाडा बरा आहे. डावीकडे ठळक फरक दिसला तर डाव्या अंगाला गंज असेल, नाहीतर कधीतरी ठोकर बसून दुरुस्ती झालेली असेल. वडिलांना विचारा.

आता करकर. दाराचा खिळा, म्हणजे ज्यात लॉक अडकतं तो स्ट्रायकर, त्याला मास्किंग टेपचे दोन वेढे देऊन तोच गतिरोधक ओलांडून या. आवाज गेला तर दुखणं तिथेच होतं. नाही गेला तर दाराच्या रबरी बिडिंगला सिलिकॉन ग्रीस बोटाने चोळा. डिझेल किंवा जुनं ऑइल लावू नका, रबर फुगतं.

वळणावरचं रेंगाळणं बहुधा मागच्या आर्मच्या (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशचं, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबराचं असतं, सांगाड्याचं क्वचितच. गाडी रॅम्पवर असताना आर्मला बुशच्या बाजूला पहार लावून हलवायला सांगा. रबर चिरलेलं असेल तर डोळ्यांना दिसेल. आणि टायर बघा. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. ३२१६ असेल तर तो २०१६ च्या ३२ व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत आहे म्हणून दहा वर्षांचे टायर घाटात फिरवणारी माणसं रोज भेटतात. बुश, टायर, मग अलाइनमेंट, या क्रमाने करा. यानंतर बारचा विषय बऱ्याच जणांच्या डोक्यातूनच निघून जातो.

तरी हौस असेल तर जरूर लावा, मी आड येणार नाही. लावायचा तर पुढच्या दोन लोअर आर्मच्या ब्रॅकेटना आडवा जोडणारा. वळणावर हे दोन ब्रॅकेट एकमेकांपासून दूर-जवळ व्हायला बघतात आणि बार त्यांना जागेवर धरतो. तो सरळ हवा. सायलेन्सरचा पाइप चुकवायला बारला मधे बाक दिलेला असेल तर पैसे देऊ नका. सरळ दांड्याला ओढून-दाबून लांब-आखूड करता येत नाही, पण बाकदार दांडा त्या बाकाशी लवतो, मग त्याचा उपयोग काय? बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या. पोकळ पेटीतून आरपार बोल्ट जात असेल तर आत नळीचा तुकडा घालायलाच हवा, नाहीतर बोल्ट आवळताना पेटीच चेपते.

बार बसल्यावर सर्वात खालची जागा जमिनीपासून किती उंच राहते तेही मोजा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे. आपल्याकडे रात्रीतून उगवणारे गतिरोधक ते मानक वाचून बांधलेले नसतात. चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असताना बार घासला, तर बार वाकतो तो वाकतोच, ब्रॅकेटही उपटतो.

फॅब्रिकेटरच्या पाइपला मात्र माझा साफ नकार. वजनाचं म्हणत नाही, ४० × ४० चा २ मिमी जाडीचा पाइप मीटरला साधारण २.४ किलो भरतो, ते गाडी ओढेल. अडचण वेल्डच्या टाक्याची आहे. फ्लोअरचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचाही नसतो. त्यावर दोन मिमीचा पाइप डकवला की सगळा ताण पाइपच्या टोकाशी गोळा होतो आणि टाक्याशेजारचा पत्रा चिरतो. वेल्डिंगने आतला रंग जळतो आणि तिथून नवा गंज सुरू होतो. शेजारून पेट्रोलचे आणि ब्रेकचे पाइप गेलेत, ते वेगळंच.

कागदपत्रांचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितलं. तुमच्या गाडीची नोंदणी आता पाच-पाच वर्षांनी वाढते आणि दर वेळी तपासणी होते. बोल्टवरचा बार संध्याकाळी काढून ठेवता येतो, वेल्ड केलेला पाइप नाही.

बार बसल्यावर स्टिअरिंगचा पहिला प्रतिसाद थोडा नेटका वाटेल. रस्त्याचा आवाजही थोडा जास्त आत येईल, तो गृहीत धरा.

प्रश्न : मी डेट्रॉइटजवळ राहतो. १९९१ ची मस्टँग कन्व्हर्टिबल घेतली आहे. इथे सगळे सबफ्रेम कनेक्टर, म्हणजे गाडीखालच्या पुढच्या आणि मागच्या रेलना जोडणारे दांडे, वेल्ड करून घे म्हणतात. तुमचा वेल्डिंगला विरोध असतो, म्हणून विचारतो.
— एक वाचक, मिशिगन

उत्तर : तुमच्या गाडीला विरोध नाही. १९७९ ते १९९३ च्या या फॉक्स बॉडी मस्टँगमध्ये पुढचे आणि मागचे सबफ्रेमचे रेल मधे एकमेकांना जोडलेलेच नाहीत, मधलं काम फ्लोअर करतो. त्यात तुमच्याकडे छप्परही नाही. म्हणजे तिथे खरोखरच एक दुवा कमी आहे आणि जोडायला दोन्हीकडे जाड रेल आहेत. कनेक्टर पूर्ण लांबीचे घ्या आणि वेल्डच करा, नुसत्या बोल्टवर ठेवू नका.

गाडी चार चाकांच्या रॅम्पवर, भार चाकांवर असतानाच टाके मारायचे. दोन खांबांच्या लिफ्टवर टांगून मारले तर टोकं लोंबलेली असतात आणि तो बाक कायमचा गोठतो. आधी दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा. बॅटरी सोडा. सीट आणि कार्पेट बाहेर काढा, कारण टाका खालून मारला तरी आग वरच्या कार्पेटला लागते. आणि तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा मागचे टॉर्क बॉक्स आधी बघा. मागच्या चाकांचे कंट्रोल आर्म तिथेच अडकतात आणि या गाडीत हे बॉक्स चिरण्यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथे चीर असेल तर कनेक्टरचे पैसे आधी तिकडे लावा.